एकच फुली, टोपीखाली

सान इलारिओ, सोमवार, ६ मे

मिग्दालिया,

भांड्यात तुरीच्या दाण्यांचा भात आहे. पत्र झाकणाला आतून चिकटवलंय. ते वाफेनं ओलं झालं असेल तर मला बोल लावू नकोस, भात गरमच पाठवायचा असतो. तळाची खरवड केळीच्या पानात वेगळी बांधलीय, ती तुझ्या प्रचारातल्या पोरींना वाटून टाकू नकोस.

मी नमलो असं समजू नकोस. तीन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही आणि आजही बोलत नाहीये. हे लिहिणं आहे. लिहिणं वेगळं. तुझं घर माझ्या घरापासून चार घरं वर, ओसरीतून ओरडलो तरी ऐकू येईल. पण ओरडणं म्हणजे बोलणंच झालं, म्हणून हे भांडं.

तक्रार अशी, की तुझ्या प्रचाराची भोंग्याची गाडी माझ्या दारावरून दिवसाला नऊ वेळा जाते. मी मोजल्यात. माझी कोंबडी ग्रासिएला आठवडाभर अंडं द्यायची विसरलीय. 'मिग्दालिया नगराध्यक्ष! मिग्दालिया, सान इलारिओची लेक!' सान इलारिओची काय म्हणून? गावानं तुला जन्म दिला काय? लेक कुणाची ते गाडीवाला सांगत नाही, आणि का सांगत नाही ते मला चांगलं कळतं. निळ्या पक्षाच्या उमेदवाराचा बाप वरच्या आळीच्या लाल कमिटीचा चाळीस वर्षांचा अध्यक्ष आहे, हे भोंग्यावरून सांगायची गोष्ट नव्हे.

तसं मी काय वाकडं केलं तुझं? तुम्हा निळ्यांना आपलं बेट अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य व्हायला हवंय. आम्हा लालांना आहे तसंच बरं वाटतं. राहिले हिरवे, त्यांना स्वतंत्र देश हवाय. सान इलारिओतले सगळे हिरवे डॉमिनोच्या एका टेबलाभोवती मावतात. माणूस निळा झाला तर होऊ दे, घरात साथ येते तशी येते. पण तू तीन वर्षांपूर्वी भर चौकात, मंचावर उभी राहून, माईक हातात धरून काय म्हणालीस? 'माझे वडील चाळीस वर्षं एका गवती टोपीखाली झोपलेले आहेत.' गवती टोपी हे आमच्या पक्षाचं चिन्ह आहे, पोरी. तिच्या सावलीत तुझ्या आजोबांनी ऊस तोडला. आणि मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो.

तुला सहाव्या वर्षी मत द्यायला कुणी शिकवलं? मी. अंगणातल्या मातीत काडीनं चिन्हं काढून, तुझा हात हातात धरून. 'एकच फुली, टोपीखाली' असं गात तू अंगणभर नाचायचीस. नावं वाचायची नाहीत, यादी चाळायची नाही. चिन्हाखाली एक फुली मारली की वरपासून खालपर्यंत सगळी मतं आपल्या पक्षाला. त्या पोरीनं मला झोपलेला म्हणावं!

असो. माझ्या दारासमोरच्या खांबावर तुझं पोस्टर लावलंय. काढणार होतो. पण त्यात तू आईसारखी हसतेस. खांब सरकारी आहे, राहू दे.

क्रिस्पुलो रेंतास,
अध्यक्ष, लाल कमिटी, वरची आळी

सान इलारिओ, मंगळवार, १४ मे

मिग्दालिया,

भांडं मिळालं. घासलेलं, लखलखीत आणि रिकामं. भांडं रिकामं परत करू नये हे तुझ्या आईनं तुला शिकवलं होतं, पण तू निवडणुकीच्या धबडग्यात आहेस म्हणून सोडून देतो.

रविवारी मातृदिनाला तुझ्या आईच्या, प्रोवीच्या थडग्यावर गेलो होतो. तू माझ्याआधी येऊन गेली होतीस. निळी फीत बांधलेली फुलं. मी ती काढली नाहीत. त्यांच्या शेजारी लाल फीत बांधून माझी ठेवली. बिचारी जिवंत असताना दोघांच्या मधे बसून जेवायची, आता मेल्यावरही तेच.

आता कामाचं. शनिवारी तुझ्याच पक्षातला तुझा तो प्रतिस्पर्धी कोयासो स्वतः गाडीत बसून माझ्या दारात आला. गाडी फाटकासमोर थांबवली आणि भोंग्यावरून सुरू: 'बघा, मंडळी, बघा! हे घर बघा! ही ओसरी कोणत्या रंगाची? लाल! या लाल घरातून निघालेली पोरगी म्हणते मला निळ्यांची नगराध्यक्ष करा! हिला राज्य हवंय म्हणे! नखानं खरवडा, आतून लाल निघेल!' लोक बाहेर आले. हसले. मी ऐकून घेतलं. माझ्या झाडाचा एक पिकलेला नीरफणस त्याच्या गाडीच्या टपावर पडला, तो आपोआप पडला. मी त्या वेळी झाडावर का होतो, हा वेगळा विषय आहे.

पण त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना. दुकानात, पावाच्या गाडीवर, सगळीकडे तेच. पुलाचं कुणी बोलेना. वादळात पूल वाहून गेल्याला सात वर्षं झाली, म्हातारी माणसं दवाखान्यात जायला नदीत उतरून जातात, तू म्हणतेस पहिला पूल बांधीन, आणि हे विचारतात काय, तर हिचं राज्यावर मनापासून प्रेम आहे की नाही! राज्य येईल तेव्हा ते काय नदीतून चालत येणार आहे?

बरं, माझ्या ओसरीच्या लाकडाला वाळवी लागली होती. बरेच दिवस लागली होती. म्हणून ती काल सगळी खरवडून काढली आणि रंग दिला. दुकानात फक्त पांढरा होता. लाल संपला होता. चेओनं विचारलं, 'काय रे क्रिस्पुलो, ओसरीला कावीळ झाली का?' मी म्हटलं, 'कावीळ पिवळी असते, गाढवा.' साठ वर्षं माझ्याबरोबर डॉमिनो खेळतोय, पण रंग कळत नाहीत.

याचा तुझ्याशी काही संबंध नाही.

क्रिस्पुलो रेंतास,
अध्यक्ष, लाल कमिटी, वरची आळी

सान इलारिओ, सोमवार, ३ जून

मिग्दालिया,

काल तुमच्या निळ्यांची आपसातली निवडणूक झाली, त्यात तुला बाराशे सहा आणि कोयासोला बाराशे सहा मतं पडली असं ऐकलं. मी लक्ष देत नाही, कानावर आलं. यंदा आमच्या पक्षातर्फे कुणी उभं राहायला तयार नाही, म्हणजे ही जो जिंकेल तोच नगराध्यक्ष, हेही कानावर आलं. आणि एक मत अजून लिफाफ्यात बंद आहे म्हणतात. कुणा म्हाताऱ्यानं मत दिलं आणि कोयासोच्या बहिणीनं, ती तिथे त्याची एजंट म्हणून बसली होती, हरकत घेतली: 'हा माणूस जन्माचा लाल आहे, ह्याला निळ्यांच्या निवडणुकीत काय काम?'

असा कोण म्हातारा असेल, मला कल्पना नाही.

मी काल शाळेत गेलो होतो, हे खरं. चेओची घडीची खुर्ची परत करायला गेलो होतो. चेओ तिथे नव्हता. आता रांग होती, आणि रांग सोडून चालत जाणं उद्धटपणाचं दिसतं, म्हणून उभा राहिलो. ऊन फार होतं. खुर्चीवर बसलो. रांग पुढे सरकली की खुर्ची पुढे सरकवायचो. असं करत करत दारापर्यंत पोचलो असेन. आत एक टेबल आहे, तिथे एका कागदावर सही करावी लागते, की मी या पक्षाचा आहे आणि बेट अमेरिकेचं राज्य व्हावं असं मला वाटतं. मग करंगळी शाईत बुडवतात. ती शाई साध्या उजेडात दिसत नाही, खास दिव्याखालीच दिसते. मग पुठ्ठ्याचा आडोसा, इतका बुटका की आत वाकल्यावर पाठ धरते. हे सगळं मला लोकांनी सांगितलं.

लोक असंही म्हणतात, की तो म्हातारा माझ्यासारखा दिसत होता. सान इलारिओत मिशावाले म्हातारे पुष्कळ आहेत. खुर्ची घेऊन फिरणारेही असतील.

भांड्यात आज तळून ठेचलेली हिरवी केळी आहेत, लसूण जास्त घातलाय. तू जागरणं करतेस, घशाला बरं.

क्रिस्पुलो रेंतास,
अध्यक्ष, इत्यादी

सान इलारिओ, शनिवार, ८ जून

मिग्दालिया,

भांडं परत आलं नाही. ठीक आहे. मला समजतं. तुला खरं सांगायला हवं होतं.

तसं आता सगळ्या गावाला ठाऊक झालंय. गुरुवारी औषधांच्या दुकानात गुडघ्यांचं मलम घ्यायला गेलो. वीस डॉलरची नोट दिली. गल्ल्यावरची पोरगी नोट खरी की खोटी बघायला ती जांभळ्या दिव्याखाली धरते. नोट जरा दुमडलेली होती, म्हणून मी आपला मदतीचा हात पुढे केला, ती सरळ करायला. आणि माझी करंगळी पेटली! निळी! मिग्दालिया, निळीशार! शाई काढायला मी चार दिवस लिंबू चोळलं होतं, रॉकेल चोळलं होतं, ग्रासिएलाच्या खुराड्याची राख चोळली होती. सगळं व्यर्थ. उलट घासून घासून जास्तच उजळली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुकानात अकरा माणसं होती. माझ्यामागे चेओ. त्यानं टोपी काढली, छातीशी धरली, अंत्ययात्रा बघावी तसा माझ्या बोटाकडे बघत राहिला आणि निघून गेला.

तर हो. तो म्हातारा मीच. सही केली. चष्मा नव्हता म्हणून वाचलं नाही, असं मी चेओला सांगितलं. चष्मा नाकावर होता.

का केलं, ते विचारू नकोस. खरं म्हणजे विचारच. त्या कोयासोनं माझ्या ओसरीवरून तुझी लायकी काढली. साठ वर्षांत माझ्या लाल रंगानं कुणाचं वाईट झालं नव्हतं, आणि झालं ते माझ्याच लेकीचं. रात्री पडलो की वाटायचं, बाराशे माणसं माझ्यामुळे तुला मत देणार नाहीत. निदान एक मत तरी माझ्यामुळे मिळू दे. लोक मागे हसले तरी चालेल. एवढंच होतं.

पण मत मी तुला दिलं, असं समजू नकोस. मतदान गुप्त असतं. टेबलावरची पोरगी मला समजावायला लागली होती, 'काका, आत गेल्यावर असं करा, तसं करा.' मी म्हटलं, 'बाळ, तुझी आई जन्मायच्या आधीपासून मी मत देतोय. मला शिकवू नकोस.' आत गेलो, एका दमात ठणठणीत फुली मारली, घडी घातली, बाहेर आलो. 

क्रिस्पुलो

सान इलारिओ, बुधवार, १२ जून

मिग्दालिया,

नोटीस तुलाही आली असेल. शुक्रवारी सकाळी दहा वाजता नगरपालिकेत सुनावणी. मी सगळ्यांसमोर तोंडानं सांगायचं, की मी निळ्या पक्षाचा आहे आणि मला राज्य हवंय. सांगितलं तर लिफाफा उघडतील आणि मत मोजतील. नाही सांगितलं तर लिफाफा कचऱ्यात. सही पुरत नाही म्हणे. मतदान गुप्त, पण मतदार असा चव्हाट्यावर!

काल आमच्या कमिटीचे तिघे आले होते. चेओ पुढे, मान खाली घालून. माझ्याकडून कचेरीची किल्ली घेतली. रजिस्टर घेतलं. मग चेओ म्हणाला, 'क्रिस्पुलो, ती टोपी पण दे. अध्यक्षाची टोपी आहे.' मी म्हटलं, 'टोपी माझ्या बापाची आहे.' तो म्हणाला, 'मग डोक्यावरून काढ तरी. बघवत नाही.' मी काढली नाही. चहाही दिला नाही. मग वाईट वाटलं आणि कॉफी दिली. तिघांनी ती प्यायली, कप विसळून ठेवले आणि गेले. साठ वर्षांत चेओनं माझ्या घरी कधी कप विसळला नव्हता. परक्याच्या घरी विसळतात.

आता ते वाक्य. मी सकाळपासून ग्रासिएलासमोर सराव करतोय. 'मी निळ्या पक्षाचा आहे' इथपर्यंत जमतं, दात आवळून. पुढे 'मला राज्य' म्हटलं की घसा बसतो. पाणी पितो. पुन्हा म्हणतो. पुन्हा बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याला मी काय करू? ग्रासिएलानं मात्र आज दोन अंडी दिली. ती निळी असावी.

नाही जमलं तर तू हरशील, आणि माझ्या तोंडानं हरशील. जमलं तर गावात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तू काय म्हणतेस? पत्र लिहू नकोस. नुसतं भांडं पाठव, म्हणजे मी समजेन. काय समजेन ते ठाऊक नाही, पण पाठव.

क्रिस्पुलो रेंतास,
माजी अध्यक्ष

सान इलारिओ, शनिवार, १५ जून

मिग्दालिया,

तू तिथेच होतीस, पण सगळा वेळ मान खाली घालून बसली होतीस, म्हणून काय काय झालं ते तुला नीट माहीत नाही. सांगतो.

आईची कानातली घातली होतीस. ती मी दारातूनच ओळखली आणि तिथेच माझा निम्मा जीव गेला. खिडक्यांना माणसं लोंबकळत होती. बाहेर एकजण खोबऱ्याच्या वड्या विकत होता. चेओ लाल सदरा घालून मधल्या खिडकीत उभा होता, हातावर हात बांधून. मी टोपी मांडीवर ठेवली.

सुनावणी घेणारी वकीलबाई अर्रोयो तशी बरी बाई आहे. तिनं विचारलं, 'क्रिस्पुलोकाका, तुम्ही या पक्षाचे आहात का?'

मी म्हटलं, 'कागदावर सही आहे.'

'तोंडानं सांगा.'

'सही मी तोंडानं केली नव्हती.'

लोक हसले. बाई हसली नाही. म्हणाली, 'बेट अमेरिकेचं राज्य व्हावं, असं तुम्हाला वाटतं का?'

आणि घसा बसला. बसला तो बसलाच. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, 'बाई, हा प्रश्न मला आजवर कितीदा तरी विचारून झालाय. दर वेळी आम्ही रांगा लावल्या, फुल्या मारल्या, पेट्या भरल्या, निकाल वॉशिंग्टनला धाडला. तिकडे कुणी लिफाफासुद्धा फोडत नाही. तुम्ही माझा फोडणार आहात का, ते आधी सांगा.'

'फोडू. पण हो की नाही, ते सांगा.'

त्यावर कोयासो उठला. 'बघा! ओठांवर येत नाही! बाप लाल, लेक लाल, वरून निळा हात मारलाय नुसता!'

तेव्हा तू उभी राहिलीस. तू म्हणालीस, 'पपांना ते वाक्य म्हणायला लावू नका. त्यांना नाही जमायचं, आणि जमू नये. मी माघार घेते. व्हा तुम्ही नगराध्यक्ष, कोयासो.'

मिग्दालिया, तीन वर्षांत तू माझ्याबद्दल माझ्यासमोर बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यासाठी तू नगराध्यक्षपद द्यायला निघालीस. पूल सोडायला निघालीस. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडून काय निघतं, तुला ठाऊक आहे. मी ओरडलो, 'खाली बस! मोठी माणसं बोलताहेत!' आणि त्याच दमात बाईला म्हटलं, 'हो. मी निळा. मला राज्य हवंय. उद्या द्या. परवा दिलंत तरी चालेल.'

तू मान पुन्हा खाली घातलीस, म्हणून चेओचं तोंड तुला दिसलं नाही. त्यानं डोळे मिटून घेतले.

कोयासो किंचाळला, 'खोटं बोलतोय हा!'

मी म्हटलं, 'अरे कोयासो, पुढच्या वर्षी राज्य येणार, पुढच्या वर्षी राज्य येणार, असं तू चाळीस वर्षं सांगतोयस. तुझी कुणी सुनावणी ठेवली? मी एका सकाळी एकदा म्हटलं तर लगेच तुझ्या पोटात दुखायला लागलं?'

खोबऱ्याच्या वड्यावाल्यानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. बाईनं लिहून घेतलं, शिक्का मारला आणि लिफाफा फोडला.

इथून पुढचं तू पाहिलंस, पण मलाही एकदा लिहून मोकळं होऊ दे. बाईनं मतपत्रिका उलगडली. बघितली. उलटी करून बघितली. चष्मा पुसला. तुझ्या नावासमोरचा चौकोन कोरा. कोयासोच्या नावासमोरचा कोरा. आणि सगळ्यात वर, मथळ्यात, तुमच्या पक्षाचं चिन्ह म्हणून जो माड छापलाय, त्याच्या बरोबर खाली माझी ठणठणीत फुली.

साठ वर्षांची सवय, पोरी. चिन्ह दिसलं की हात आपोआप त्याच्याखाली जातो. पक्षातल्या निवडणुकीत माणूस निवडायचा असतो, चिन्ह नाही, हे मला सांगायला ती टेबलावरची पोरगी तोंड उघडत होती आणि मीच ते बंद केलं. एवढी सही केली, एवढी शपथ घेतली, साठ वर्षांचं नाव घालवलं, आणि मत कुणाला दिलं? माडाला!

मग मधल्या खिडकीतून चेओ ओरडला, 'एकच फुली!' आणि सगळ्या खिडक्या, लाल, निळ्या, हिरव्या, एका सुरात: 'टोपीखाली!'

तेव्हा तू हसलीस. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग उचकी लागेपर्यंत. सहाव्या वर्षी अंगणात हसायचीस तसं. मी मान खाली घालून बसलो होतो, पण कान माझे तुझ्याकडे होते. मग बाईनं जाहीर केलं: मत बाद, सामना बरोबरीत, रविवारी तेवीस तारखेला दोघांत पुन्हा निवडणूक. आणि सगळे तुला गराडा घालून घेऊन गेले.

मी तुला हरवलं नाही, पण जिंकवलंही नाही. मला राज्य हवंय की नको, हे मला अजून ठरवता येत नाही, माझ्या 'हो'वर शिक्का बसला असला तरी. तू हवी आहेस, एवढं पक्कं ठरलंय. ते मी कुठल्याही सुनावणीत, न अडखळता सांगेन.

मी निघालो तर बाहेर चेओ उभा. म्हणाला, 'चल. तिघांत डॉमिनो होत नाही.' सगळ्या वाटेवर मला 'माडवाला' म्हणत होता. म्हणू दे.

क्रिस्पुलो

सान इलारिओ, बुधवार, १९ जून

मिग्दालिया,

भांडं आज सकाळी आलं. उचललं तर जड. आत नारळाच्या दुधातला गोड भात, वर दालचिनी, आईच्या हातचा असायचा तसाच, फक्त साखर कमी. आणि भातावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नमुना मतपत्रिका, पाच. प्रत्येकीवर तुझ्या नावासमोरच्या चौकोनाला लाल पेन्सिलीनं गोल. लाल. मुद्दाम, होय ना?

मी सराव केला. पहिली फुली सवयीनं माडाखालीच गेली. दुसरी पण. तिसरी चौकोनात बसली, पण कोयासोच्या. ती फाडून टाकली. चौथी बरोबर. पाचवी ग्रासिएलानं खाल्ली.

कोयासोची गाडी आता नवीन ओरडते: 'अहो, क्रिस्पुलोसुद्धा म्हणतो राज्य हवं!' दिवसातून नऊ वेळा. मी ओसरीत बसून हात हलवतो. दुसरं काय करणार?

पण आत्ता हे लिहिता लिहिता तुझीही गाडी गेली. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हणून फाटकापर्यंत गेलो आणि ती परत यायची वाट बघत उभा राहिलो. आली. 'मिग्दालिया नगराध्यक्ष! मिग्दालिया, क्रिस्पुलोची लेक!' गाडीवाल्यानं मला बघून भोंगा आणखी मोठा केला. मला काही दिसेना, डोळ्यांत धूळ गेली होती. पाऊस पडून गेला होता तरी गेली होती.

रविवारी सकाळी मला न्यायला ये. आत पुठ्ठ्यामागे दुसऱ्याला येऊ देत नाहीत, मला माहीत आहे. दारापर्यंत ये. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा मी तुझा हात धरून फुली मारायला शिकवलं होतं, आता माझा हात थरथरायला लागलाय. दारापर्यंत धरलास तरी पुढचं मी करीन.

पपा

ता. क. आज भात लावलाय, तळाला खरवड चांगली धरलीय. ती भांड्यातून पाठवणार नाही. खाली ये आणि इथे बसून खा.